गावाहून चाकणला: एमआयडीसीत पहिल्यांदा कामाला येणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल लागला आणि मृगाचा पाऊस लांबला, की मला गावाकडून फोन सुरू होतात. "भाऊ, चाकणला काही जमंल का?" औसा तालुक्यातल्या आमच्या गावातून मी २०११ साली इकडे आलो, तेव्हा असा फोन करायला मला कुणी नव्हतं. आता आमच्या निम्म्या गल्लीची पोरं महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या खोल्यांमध्ये राहतात. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहूनच काढतो. हे लातूरहून चाकणला येणाऱ्या पोरांसमोर बसून सांगितल्यासारखं आहे. रांजणगाव, वाळूज, तळेगावला जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

गावात आपलं सगळं ओळखीवर चालतं. अमक्याचा नातू म्हटलं की दुकानदार वहीत लिहून साखर देतो आणि डॉक्टर पैशांचं नंतर बघू म्हणतात. इथे गेटवरच्या वॉचमनला तुमचा आजा ठाऊक नाही. इथे तुम्ही म्हणजे तुमच्या हातातला कागद. तो कागद नीट ठेवणारा पोरगा पाच वर्षांत उभा राहतो आणि अंगात कितीही रग असली तरी कागद न ठेवणारा पुन्हा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मीही त्यातलाच एक होतो.

निघण्याआधी नाव एक करा

बॅग भरण्याआधी तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: आधार, दहावीची सनद आणि बँकेचं पासबुक. तिन्हीवर तुमचं नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का? आपल्याकडे हमखास गोंधळ असतो. सनदेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे 'ज्ञानेश्वर', दुसरीकडे 'ज्ञानोबा'. जन्मतारीख तर शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली. पुढे पीएफचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे, पैसे अडकतात ते याच फरकापायी. गावात असताना सेतू केंद्रात किंवा आधार केंद्रावर एका दिवसात होणारं काम इथे आलात की दोन सुट्ट्या आणि दोन दिवसांचा पगार खातं.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर तुमच्याच खिशातला असू द्या. पुष्कळ पोरांचा नंबर चुलत्याच्या फोनवर असतो. मग इथे ओटीपी हवा असला की चुलता शेतात आणि फोन घरी चार्जिंगला. पॅन कार्ड काढून घ्या. आयटीआय झालं असेल तर मूळ प्रमाणपत्र आणा, पण ते कुणाच्याही हातात देऊन ठेवू नका. दाखवायचं, झेरॉक्स द्यायची, मूळ परत घ्यायचं. "जॉइनिंगपर्यंत ओरिजिनल आमच्याकडे राहू द्या" असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा.

पैसे किती आणायचे? पहिला पगार हातात यायला दीड महिना लागेल असं धरून चाला. समजा काम मिळायला आठ-दहा दिवस गेले आणि पंधरा तारखेला लागलात, तर त्या पंधरा दिवसांचाच पगार पुढच्या महिन्यात मिळणार. कायद्याने तो सात तारखेपर्यंत यायला हवा. ठेकेदाराकडे दहा-बारा तारीख सहज होते. तेवढ्या दिवसांचं जेवण, खोलीतला वाटा, बसभाडं आणि परतीच्या तिकिटाचे पैसे जवळ हवेत. परतीचे पैसे वेगळे बांधून ठेवा. ज्याच्याकडे परतीचे पैसे असतात तो वाटेल त्या कामाला हो म्हणत नाही.

उतरायचं कुठे

लातूरची ट्रॅव्हल्स रात्री निघते, पहाटे हडपसरला येते आणि पुढे पिंपरी-चिंचवडकडे जाते. ती चाकणला नेईल या भरवशावर झोपू नका. भोसरीला या, तिथून नाशिक रस्त्याने पीएमपीच्या चाकण-राजगुरुनगरकडच्या गाड्या मिळतात. मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा अशी ठिकाणं लागत जातात. रिक्षावाला पहाटे बॅग बघूनच भाव सांगतो, तेव्हा उजाडेपर्यंत थांबलेलं बरं.

एक गंमत ध्यानात घ्या. घरी सांगताना आपण 'पोरगं पुण्याला आहे' म्हणतो, पण चाकणला नगरपरिषद आहे आणि भोवतीच्या महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, वराळे या ग्रामपंचायती. म्हणजे आपण एका गावातून निघून दुसऱ्या गावात येतो, फक्त या गावात जर्मन गाड्यांचे कारखाने आहेत. एमआयडीसी, म्हणजे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झालं आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी भरत गेल्यावर कारखाने नाशिक रस्त्याने वर सरकत चाकणला आले. इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. ज्यांच्याकडे रस्त्याकडेची गुंठेभर उरली, त्यांनी त्यावर खोल्या बांधल्या. त्या खोल्यांमध्ये आपण राहतो. घरमालक भाड्यासाठी दारात उभा राहिला की माझ्या मनात हेही येतं, की हा माणूसही कालपर्यंत कांदाच लावत होता.

आणि तळेगाव चौक. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणच्या किल्ल्यावरून शाइस्ताखानाच्या फौजेला दोन महिन्यांच्या आसपास अडवून धरलं होतं. हल्ली ते काम हा चौक एकटा करतो. मुलाखतीला किंवा पहिल्या दिवशी जाताना या चौकासाठी पाऊण तास वेगळा धरा.

काम मिळतं कसं

कंपनी थेट फारच थोड्यांना घेते. बहुतेकांना काम ठेकेदारामार्फत मिळतं: पगार ठेकेदार देतो, काम कंपनीच्या लाइनवर. सकाळी सात-साडेसातला गेटवर जाऊन उभं राहण्याची पद्धत अजूनही चालते. सगळ्यात खात्रीची वाट मात्र आधीपासून तिथे काम करणाऱ्या गाववाल्याची. त्याला 'व्हेकन्सी आहे का' एवढंच विचारू नका. 'तुझा ठेकेदार पीएफ भरतो का, पेमेंट किती तारखेला करतो' हे विचारा.

मोबाइलवर येणाऱ्या जाहिराती बहुतेक कन्सल्टन्सीवाल्यांच्या असतात. आल्यावर चौथ्या दिवशी मी अशाच एका ठिकाणी गेलो. एका गाळ्यात टेबल, पंखा आणि भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची बोधचिन्हं. फॉर्मचे दोनशे, मेडिकलचे पाचशे, गणवेशाचे आठशे घेतले आणि सोमवारी एका गेटवर पाठवलं. गेटवरच्या माणसाने माझं पत्र हातात घेऊन वाचलंसुद्धा नाही, नुसतं हसला. दीड हजार रुपये गेले. तेव्हा ते बापाच्या आठवडाभराच्या मजुरीपेक्षा जास्त होते. नोकरीसाठी आपण पैसे द्यायचे नसतात. गणवेश, मेडिकल, गेटपास, सेफ्टी शूज, कशाच्याही नावाने मागितले तरी नाही. ऑनलाइन कुणी फसवलं तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

आयटीआय झालेल्यांनी अॅप्रेंटिसशिपचा विचार जरूर करावा. १९६१ च्या कायद्याखाली चालणारी ही शिकाऊ उमेदवारी असते. तिच्यात पगाराऐवजी विद्यावेतन मिळतं, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होत नाही, पण शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मित्र हेल्पर म्हणून दोन-तीन हजार जास्त घेत असतो, म्हणून पोरं ही सोडून देतात. माझं मत विचाराल तर वय विशीच्या आत असेल आणि घरची निकड नसेल, तर एक वर्ष कमी पैशात काढा.

'पगार बावीस हजार' म्हणजे किती?

हे नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. जाहिरातीत बावीस हजार लिहिलेलं असतं. तुम्ही विचारायचं: किती तासांचे? बहुतेक वेळा ते बारा तासांच्या ड्युटीचे, चारही रविवार भरल्यावरचे आणि हजेरी बोनस धरून असतात. आठ तासांचा पगार किती, त्यातून काय काय कापलं जातं, कँटीन आणि बसचे पैसे वेगळे का, ओटी, म्हणजे जादा तासांचा दर, सिंगल की डबल, असं एकेक करून विचारा. लाजू नका. बैल घेताना आपण दात मोजतोच ना?

एक हिशेब मांडून दाखवतो, आकडे केवळ समजण्यासाठी. समजा एकूण पगार १७,००० आणि त्यात मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,०००. पीएफ १२ टक्क्यांनी १३,००० वर, म्हणजे १,५६० रुपये. ईएसआय पाऊण टक्का, १७,००० वर १२८ रुपये. व्यवसाय कर महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. बायकांना पंचवीस हजारांपर्यंतच्या पगारावर हा कर नाही. हातात येतात १५,११२. यातून कँटीनचे गेले की चौदाच्या घरात. जाहिरातीतल्या बावीस हजारांचे हे असे चौदा होतात आणि बाकीचे तुम्ही जास्तीचे तास घालून भरून काढायचे.

ओटीचंही असंच. कायद्याने जादा तासाला दुप्पट दर आहे. वरच्याच उदाहरणात महिन्याचे सव्वीस दिवस आणि दिवसाचे आठ तास धरले, तर एका तासाचे साधारण ८२ रुपये होतात. दुप्पट धरले तर १६३. छोट्या ठिकाणी सर्रास सिंगल देतात आणि पोरं घेतात, कारण नाही म्हटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणतील. मी तुम्हाला पहिल्या महिन्यात भांडा असं सांगणार नाही. पण तुमचे तास रोज वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. पंचिंग मशीनचा फोटो काढायला बंदी असते, वहीला कुणी बंदी घालत नाही. महिनाअखेरीला सुपरवायझरचे तास आणि तुमचे तास जुळले नाहीत, तर तुमच्याकडे तारखांसह काहीतरी असेल. तारखा दाखवणाऱ्या पोराचे तास पुढच्या महिन्यात बहुधा बरोबर येतात.

नियुक्तिपत्र मागा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायला हवं. मिळालं नाही तर निदान पगाराची पावती, गेटपासचा फोटो आणि बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी सांभाळा. पगार रोख देणारा ठेकेदार असेल तर दुसरा शोधायला लागा.

यूएएन: शहरातला सातबारा

आपल्याकडे बापजादे सातबाऱ्याला जिवापाड जपतात. इथे तसा जपायचा एकच आकडा आहे: बारा अंकी यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा नंबर. ठेकेदार बदलला, कंपनी बदलली, चाकण सोडून वाळूजला गेलात, तरी हा नंबर तोच राहायला हवा.

मी आलो तेव्हा यूएएन नव्हताच, तो २०१४ मध्ये आला. पहिल्या तीन वर्षांत मी तीन ठेकेदारांकडे काम केलं आणि तिघांनीही पगारातून पीएफ कापला. पहिल्याने कुठे भरला, खातं क्रमांक काय, याचा एक चिटोरा माझ्याकडे नाही. पुढे त्याचा फोन बंद लागायला लागला. ते पैसे मला आजतागायत मिळालेले नाहीत. तुमच्यावर ही वेळ यायचं कारण नाही.

काम लागल्यावर दुसऱ्या महिन्यात उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून बघा. तुमच्या पगारातून १,५६० कापले असतील, तर तितकेच मालकानेही भरायचे असतात. मात्र मालकाचे सगळे तुमच्या पीएफमध्ये दिसणार नाहीत. बारा टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. आपल्या उदाहरणात १,०८३ पेन्शनला आणि ४७७ पीएफला. 'मालकाने कमी भरले' म्हणून पोरं चिडतात, ते बहुतेक वेळा हेच असतं. पण दोन-तीन महिने काहीच दिसत नसेल, तर खरंच गडबड आहे. आधी ठेकेदाराला विचारा, मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.

नवा ठेकेदार फॉर्म भरून घेताना 'आधी पीएफ होता का' असं विचारतो. घाईत पोरं नाही म्हणतात, कारण हो म्हटलं की जास्त कागद लागतात. असं करू नका, जुना नंबर द्या. सोडलेल्या कंपनीने कामाची शेवटची तारीख नोंदवली नसेल, तर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन टाकता येते. आणि प्रत्येक वेळी काम सुटलं की पीएफ काढून मोबाइल घेण्याची जी चाल पडली आहे, ती मोडा. पेन्शनचा हक्क दहा वर्षांच्या नोकरीने मिळतो, आणि ही वर्षं वेगवेगळ्या ठेकेदारांकडची मिळून धरली जातात, मधेच काढून घेतली नाहीत तर.

बोटं सांभाळा

चाकण-भोसरीच्या लहान प्रेस शॉपमध्ये गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकले जातात. तिथल्या चहाच्या टपरीवर उभे राहा आणि जुन्या माणसांचे हात बघा. मी याहून जास्त लिहीत नाही. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ती यासाठी, की मशीन खाली येताना तुमचे दोन्ही हात बटणांवर असावेत. प्रॉडक्शन वाढवायला कुणी एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतो, सेन्सर बंद करतो. तशा मशीनवर बसू नका. 'मला जमत नाही, लाइनवर दुसरं काम द्या' म्हणा. हेकट म्हणतील, म्हणू द्या.

पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआय लागू होतं. पहिल्याच आठवड्यात तुमचा दहा अंकी विमा क्रमांक मागून घ्या. अपघात झाल्यावर नोंदणी करायला धावणारे ठेकेदार मी पाहिलेत. या क्रमांकावर चिंचवडच्या मोहननगरमधल्या ईएसआय रुग्णालयात आणि नेमून दिलेल्या दवाखान्यांत तुमच्यावर आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या घरच्यांवर उपचार होतात. आजारपणाच्या रजेत पगाराच्या सत्तर टक्के रक्कम मिळते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, फक्त त्याआधीच्या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. कामावर जखमी झालात तर ही अट नाही आणि पगाराच्या नव्वद टक्के मिळतात.

इथे एकच फसवणूक होते, ती आत्ताच सांगतो. जखमी माणसाला गाडीत घालून खाजगी दवाखान्यात नेतात आणि वाटेत समजावतात, "खोलीवर पडलो म्हण, आम्ही सगळा खर्च करतो." खर्च आठ दिवस करतात. कामावर लागलं असेल तर डॉक्टरांना कामावर लागलं असंच सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहून घ्या. कामावर जाता-येता झालेला अपघातही यात धरता येतो.

खोली

पहिला महिना गाववाल्यांच्या खोलीवर काढा. कॉट बेसिसवर, म्हणजे फक्त एका कॉटचं भाडं देऊन, राहिलात तर डिपॉझिट लागत नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात स्वतःची सोय बघा, कारण सगळ्या गाववाल्यांच्या खोलीत एक दोष असतो: एकाने काम सोडलं की चौघांचं मन उडतं.

खोली दिवसा बघू नका, संध्याकाळी सातला बघा. त्या वेळी नळाला पाणी असतं का, संडासापुढे किती जण उभे आहेत, खाली बाटल्या घेऊन कोण बसतं, हे सगळं एका खेपेत कळतं. पाणी रोज येतं की टँकर, टँकरचे पैसे भाड्यात की वेगळे, लाइट बिल मीटरप्रमाणे की माणशी, हे आधी ठरवा आणि राहायला येताना मीटरच्या आकड्याचा फोटो काढा. थर्ड शिफ्ट असणाऱ्याने रस्त्याकडेची खोली घेऊ नये. दिवसा झोप लागली नाही तर रात्री मशीनवर डुलकी लागते, आणि मशीनवर डुलकी लागली की काय होतं ते वर लिहिलंय.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, असा महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने नियम आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. व्यवहारात एका खोलीसाठी फार थोडे मालक अकरा महिन्यांचा करार करतात. तो नाही मिळाला, तरी डिपॉझिट यूपीआयने द्या आणि 'खोलीचं डिपॉझिट' अशी नोंद टाका. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरायला मालक आधार मागेल. झेरॉक्सवर 'फक्त भाडेकरू नोंदणीसाठी' लिहून तारीख टाकून द्या.

पोट

मेस लावा, पण महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी दोन दिवस जेवून बघा. इकडे चपाती आणि पातळ भाजी. आठवड्यात भाकरीची आठवण यायला लागते आणि वरणात तिखट कमी वाटतं. घरून काळं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी आणा. तिघे-चौघे मिळून स्वयंपाक करणार असाल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर घ्या. तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय रीतसर मिळतो. दुकानाच्या मागे मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देतात, तो घेऊ नका. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं झोपलेली असतात.

रेशनबद्दल फार कमी पोरांना माहीत असतं. कार्ड गावचं असलं तरी कोणत्याही रेशन दुकानात आधारच्या अंगठ्यावर धान्य मिळतं. कार्ड इथे आणायची किंवा गावाहून नाव काढायची गरज नाही. प्राधान्य गटाच्या कार्डावर माणशी पाच किलो असतं. तुमच्या वाट्याचं तुम्ही इथे घ्या, बाकीचं घरचे तिकडे उचलतील. फक्त घरी आधी फोन करून ठरवा. नाहीतर आई दुकानात जाते आणि यंत्र सांगतं, या महिन्याचं उचललं.

सुट्टी आणि येळवस

कंपनीला दिवाळी, गणपती कळतात, शेतात साजरी होणारी आपली येळवस (वेळा अमावस्या) कळत नाही. हेल्परची सुट्टी म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला आणि वर हजेरी बोनसही गेला. तरी पोरं जातात. मीही दोनदा न सांगता गेलो, आंबील पिऊन, भज्जी खाऊन तिसऱ्या दिवशी परतलो, तर गेटपास बंद. तेव्हा जायचंच तर पंधरा दिवस आधी सुपरवायझरला सांगा आणि बदली माणूस स्वतः सुचवा. सोयाबीन काढणीचंही तसंच. ऑक्टोबरमध्ये सगळ्यांनाच गावी जायचं असतं. जो ऑगस्टमध्ये सांगून ठेवतो त्याला रजा मिळते. एक हिशेब मात्र घरी बसून करा: तुमच्या चार दिवसांच्या खाड्यात आणि बोनसमध्ये गेलेल्या पैशांत गावातला मजूर लावून काढणी होते का? पुष्कळदा होते. बापाला ते पटत नाही, हा भाग वेगळा.

बहिणींसाठी, आणि बिऱ्हाड आणताना

वायर हार्नेस आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत मुलींना बरंच काम आहे. कंपनीची बस खोलीच्या किती जवळ सोडते, हे पगाराआधी विचारा. सेकंड शिफ्ट सुटल्यावरचा शेवटचा अर्धा किलोमीटर कुणीच मोजत नाही. खोली बघताना संडास आतला आहे का ते बघा, दोन-चारशे जास्त गेले तरी चालतील.

लेकरांना आणणार असाल तर दाखला आला नाही म्हणून शाळेत घालायचं थांबू नका. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. दिवाळीच्या मधेच आलात तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत जा.

सहा-सात महिन्यांनंतर

ब्रेक मिळेल, म्हणजे काही दिवसांसाठी कामावरून कमी करतील. घाबरू नका, इथे सगळ्यांनाच मिळतो. '२४० दिवस भरले की परमनंट करावंच लागतं' असं खोलीवर ऐकाल. तसं आपोआप होत नाही. २४० दिवस भरले की कायद्याच्या दृष्टीने वर्षभराची सलग सेवा धरली जाते आणि कामावरून कमी करताना नोटीस, भरपाईचे हक्क लागू होतात. ते लागू होऊ नयेत म्हणूनच ब्रेक देण्याची पद्धत पडली. दिवाळीचा बोनस मात्र मागा. वर्षात तीस दिवस काम केलेल्याला आणि पगार एकवीस हजारांच्या आत असलेल्याला किमान ८.३३ टक्के बोनसचा हक्क आहे, मधे ब्रेक झाला असला तरी.

ब्रेकच्या आधीच्या दोन महिन्यांत एक काम करा. हेल्पर असाल तर ज्या मशीनजवळ उभे असता तिचं सेटिंग शिकून घ्या. जेवणाच्या सुट्टीतली दहा मिनिटं ऑपरेटरसोबत काढा, त्याला चहा पाजा. व्हर्नियर आणि मायक्रोमीटर ही बारीक माप घ्यायची साधनं वाचता आली, ड्रॉइंगवरचं माप कळलं, की पुढच्या गेटवर तुम्ही ऑपरेटर म्हणून विचारू शकता. हेल्पर ते ऑपरेटर ही उडी पहिल्या दीड वर्षात मारली नाही तर पुढे कठीण जाते. वय वाढतं, लग्न होतं आणि मग ओटीच सोडवत नाही. अनुभवाचं पत्र मागा, एका ओळीचं का असेना.

गावाकडचं

कागदांवरचा गावचा पत्ता बदलायची घाई करू नका, निदान पहिलं वर्षभर. घरी पैसे पाठवताना रक्कम ठरवून ठेवा आणि ठरलेल्या तारखेला पाठवा, म्हणजे मधल्या मागण्या कमी येतात. लोन ॲपकडे बघूही नका. पगाराच्या आधी दोन हजार देतात आणि वसुलीला तुमच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना फोन करतात.

शेत असेल तर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर पिकाची नोंद, दर हंगामात करायची असते आणि ती शेतात उभं राहूनच करता येते. इथून तुम्ही नाही करू शकत. खरिपात गावी गेलात की बापाला किंवा शेजारच्या पोराला फोनवर करून दाखवा, नाहीतर सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि विमा, अनुदानाच्या वेळी फिरत बसावं लागतं.

दिवाळीला जायची तिकिटं महिनाभर आधी काढा, येताना आणि जाताना दोन्ही. खाजगी ट्रॅव्हल्सला एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेता येत नाही, असा सरकारचा २०१८ चा निर्णय आहे. भाऊबीजेच्या रात्री लातूरच्या स्टँडबाहेर तो कुणाला सांगायचा? म्हणून परतीचं तिकीट एसटीचं ठेवा आणि निघायचं ते सोमवारच्या फर्स्ट शिफ्टच्या आदल्या रात्री नव्हे, शनिवारीच. रविवारी दुपारी खोली झाडून, पाणी भरून, डबा घासून झोपलात की सोमवारी सातला गेटवर वेळेत पोचाल. पुढची भरती त्याच आठवड्यात असते आणि जे उशिरा येतात त्यांच्या जागा तेव्हाच भरल्या जातात.